तुम्ही विचारलंत म्हणून: हातानं का कॉम्प्युटरनं?

माझ्या सेवा केंद्रात सातबाऱ्याची प्रिंट निघेपर्यंत लोकांना काही काम नसतं. मग नजर जाते माझ्या मागच्या भिंतीवर. तिथे ए-थ्री कागदावर फुटलेलं कापसाचं एक बोंड लावलंय. "फोटो मस्त आला ताई." फोटो नाही, काढलंय, असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "हातानं का कॉम्प्युटरनं?" त्यातलीच एक-दोन पोरं मग हळूच विचारतात, कुठं शिकल्या, आम्हाला शिकवाल का? पीक विम्याचं सर्व्हर चालू-बंद होत असताना काउंटरवर याचं धड उत्तर देता येत नाही. म्हणून इथे लिहिते.

हातानंच काढलं. हातात माउस होता, एवढंच. इंकस्केप नावाचं व्हेक्टर चित्रं काढायचं सॉफ्टवेअर आहे, २००३ पासून फुकट मिळतं. माझ्या चार जीबी रॅमच्या मशीनवर कुरकुरत का होईना, चालतं. फोटो असतो ठिपक्यांचा, मोठा केला की फाटतो. व्हेक्टरमध्ये कॉम्प्युटर लक्षात ठेवतो फक्त काही बिंदू आणि त्यांच्यामधलं वळण. हे वळणाचं गणित मुळात मोटारींसाठी झालं. फ्रान्समध्ये रेनोत पिएर बेझिए आणि सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो, दोघांनीही गाडीच्या पत्र्याची वळणं कागदावर पकडायला ते बसवलं. दारव्ह्याकडच्या एका खेड्यात त्यावर बैलाचं वशिंड निघेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नसणार.

पण गंमत अशी की व्हेक्टरला मुळात धूसर काही कळत नाही. प्रत्येक आकाराला सुरीनं कापल्यासारखी कड. लोगोला, लग्नपत्रिकेतल्या कलशाला ते चालतं. बोंडाला चालत नाही.

माझे मामा पेंटर. कृषी केंद्रांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची नावं, सगळं त्यांच्या ब्रशचं. फ्लेक्स आला आणि काम सुटलं. आता दुपारी माझ्या केंद्रात पंख्याखाली येऊन बसतात. सुरुवातीला मी शॉर्टकट मारला होता: बोंडाचा फोटो टाकला आणि 'ट्रेस बिटमॅप' दाबलं, म्हणजे फोटोवरून आकार आपोआप काढून देणारी सोय. हजारभर तुकडे निघाले, त्यातला एकही हलवण्याजोगा नाही. मग हातानं गोल काढले, पांढऱ्यापासून राखाडीपर्यंत ग्रेडियंट भरला. मामांनी चष्मा वर केला. "हे बोंड नाही बाप्पा, थर्माकोल हाय."

दुसऱ्या दिवशी ते मागच्या वावरातून पऱ्हाटीची एक फांदीच तोडून घेऊन आले. खिडकीत ठेवली. "आता डोये बारीक करून पाय. सांग, पांढरं कुठी हाय?"

पाहिलं. आणि पंचाईत झाली, कारण पांढरं जवळजवळ नव्हतंच. वरच्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढा एक ठिपका, तेवढाच खरा पांढरा. खिडकीकडची बाजू निळसर. खाली, जिथं वाळलेलं तपकिरी कवच टेकतं, तिथं कापसाला पिवळट झाक. चार कप्प्यांच्या मधल्या घड्या तर जांभळट राखाडी, पावसाच्या ढगासारख्या. मी इतके दिवस पांढऱ्यापासून सुरू करून त्यात काळं मिसळत होते. आता मधल्या राखाडीपासून सुरू करते आणि पांढरा शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवते.

दुसरी गोष्ट कडांची, आणि माझ्या मते हीच मुख्य. कापूस वेचणाऱ्या बाईची बोटं चिरतात ती कवचाच्या वाळक्या टोकांनी. चित्रातही ती टोकं तशीच टोकदार ठेवायची, ब्लरला, म्हणजे कड धूसर करायच्या सोयीला, हात लावायचा नाही. कापसाची कड मात्र हवेत विरली पाहिजे. त्यासाठी एक मोठा आकार, त्यावर जरा उजळ आकार, त्यावर अजून उजळ. मोठ्या सावलीला जास्त ब्लर, छोटीला अगदी थोडा. ब्लर बाहेर सांडू नये म्हणून ते सगळं मूळ आकारात 'क्लिप' करायचं. आणि अगदी कडेला तीस-चाळीस बारीक तंतू, एकेक हातानं, काही अर्धवट सोडलेले. सगळीकडे ब्लर मारला की चित्र आजारी दिसतं, धुक्यातलं. नवीन शिकणारे बहुतेक तिथंच अडकतात. दुसरीकडे अडकतात ते बिंदूंत. जिथं चार बिंदूंत वळण होतं तिथं चाळीस टाकतात, मग रेषेला खड्डेच खड्डे, आमच्या रस्त्यासारखे.

मेश नावाची एक सोयही आहे. आकारावर जाळी पडते आणि जाळीच्या प्रत्येक गाठीला वेगळा रंग देता येतो. इलस्ट्रेटर या अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये १९९८ पासून आहे, इंकस्केपमध्ये २०१७ ला आली. देखणं काम होतं, पण एक गाठ चुकून सरकली की गाल सुजतो. मी वापरत नाही. मला थर बरे वाटतात, ब्रशच्या फटकाऱ्यांसारखे. काही फटकारे तर मी मुद्दाम दिसू देते. त्यामुळेच ते रंगवल्यासारखं वाटतं. नाहीतर फोटो काय वाईट होता?

बोंडात शेवटी तीनशेवर आकार झाले आणि मशीननं मान टाकली. तेव्हापासून काम करताना 'नो फिल्टर्स'वर ठेवते, बघायचं तेव्हाच ब्लर चालू करते.

सगळ्यात मोठा फजितवाडा पोळ्याला झाला. तोरणाजवळ लावायला १० बाय ८ फुटांचा फ्लेक्स हवा होता. मी बैलाचं तोंड काढलं. ओल्या नाकावरची चमक चांगली साधली होती: बारीक बारीक पांढरे तुकडे, धारदार कडांचे, एकही ब्लर नाही, कारण ओलं चमकतं ते तुटक तुटकच. खुशीत एसव्हीजी, म्हणजे व्हेक्टरचीच फाइल पाठवली. व्हेक्टर आहे, कुठंही उघडेल, कितीही मोठं होईल, असा माझा तोरा. छपाईवाल्याच्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये सगळे ब्लर उडाले. बैलाच्या तोंडावर बँडेजपट्ट्या चिकटवल्यासारखं दिसत होतं, आणि छापून आल्यावरच पाहिलं मी. चूक माझीच, नमुना मागवला नाही. आता फ्लेक्सला थेट पीएनजी देते, म्हणजे फोटोसारखी ठिपक्यांची फाइल. ७२ डीपीआयनं, म्हणजे इंचाला ७२ ठिपके धरून, १० बाय ८ फूट म्हणजे ८६४० बाय ६९१२ पिक्सेल. इतकं सगळं करून शेवटी ठिपकेच द्यायचे, याचं मामांना फार हसू येतं.

तर शिकवाल का, याचं उत्तर: चारनंतर या, गर्दी ओसरलेली असते. फोटो आणू नका, वस्तू आणा. पहिल्यांदा वांगं. चकचकीत असतं, त्याच्यावरच्या उजेडाच्या कडा डोळ्यांना स्पष्ट दिसतात, निम्मं काम तिथंच होतं. बोंड नंतर. मामा बसलेले असले तर आधी तुम्हाला डोये बारीक करायला लावतील, आणि काढलेलं पाहून काहीबाही बोलतील. मला अजून बोलतात.