तुम्ही विचारलंत म्हणून: खाडीकाठी घर भाड्याने घ्यावे का?

नवी मुंबईत सीवूड्सला, पाम बीच मार्गाच्या बाजूला, मी बरीच वर्षे भाड्याच्या घरात राहते. मुंबईहून किंवा ठाण्याहून इकडे येऊ पाहणारी ओळखीची माणसे मला हटकून विचारतात, की खाडीकाठी घर भाड्याने घ्यावे का आणि घेताना काय पाहावे. जरूर घ्यावे, असे मी मनापासून सांगते. पण होकार कळवण्याआधी ते घर एकदा ओहोटीच्या वेळी पाहावे.

भरतीला खिडकीतून पाणी दिसते, तर ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि वारा आपल्या दिशेने असला की त्याचा कुबट वास थेट घरात येतो. काहींना तो वास चार दिवसांत जाणवेनासा होतो, काहींना वर्षभरात सवय होत नाही, आणि आपण यांपैकी कोण हे आधी कळलेले बरे. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण ते एक तासाने पुढे सरकते. त्यामुळे पहिल्या भेटीत भरती असेल, तर आठवड्याने त्याच वेळी गेल्यास बहुधा ओहोटी मिळते. एजंट दुसऱ्यांदा घर दाखवायला कुरकुर करील, करू द्यावी.

दुसरी गोष्ट खाऱ्या दमट हवेची. इथे लोखंड टिकत नाही. घर पाहताना बहुतेक जण गॅलरीत उभे राहून बाहेर बघतात. मी मात्र ग्रील जिथे भिंतीत शिरते तिथले बोल्ट बघते. नवा रंग दिलेला असला तरी बोल्टच्या कडेने तांबूस ओघळ उतरलेला असेल, तर आत गंज आहे असे समजावे. नंतर पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाचे दार उघडून आतल्या फळीवरून बोट फिरवावे आणि वास घ्यावा, कारण पावसाळी वारा त्याच बाजूने मारा करतो आणि रंगाखाली झाकलेली ओल कपाटात लपत नाही. एसीच्या बाहेरच्या भागाची दुरुस्ती कोणी करायची, हे करारातच लिहून घ्यावे. खाऱ्या हवेत त्याची कॉइल लवकर खराब होते आणि वादाला तेवढे कारण पुरते.

पाणी तुंबण्याविषयीही विचारावे. या भागातली बरीच जमीन खाजणांवर भराव घालून तयार झाली आणि ती फारशी उंच नाही, म्हणून भरती असताना पावसाचे पाणी खाडीत उतरू शकत नाही. त्यासाठी सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीत तिथे पाणी साठते आणि ओहोटीला झडपांतून बाहेर जाते. अनेक तलावांत आता गाळ साचून खारफुटी वाढली आहे आणि तिला कायद्याचे संरक्षण असल्यामुळे, जे योग्यच आहे, गाळ काढणे सोपे राहिलेले नाही. म्हणून मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली तेव्हा पाणी कुठवर चढले होते, हे सोसायटीच्या जुन्या वॉचमनला विचारावे. त्याच्याइतके नेमके उत्तर दुसरे कोणी देत नाही.

कराराचे थोडक्यात सांगते. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. नोटरी करून भागेल असे कोणी म्हणाले, तरी ऐकू नये.

ज्या शांततेसाठी आपण इथे येतो, ती या चिखलाने आणि खारफुटीनेच राखली आहे. पलीकडचे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली जाहीर झाले आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. भरतीत चिखल बुडाला की फ्लेमिंगो आमच्याकडच्या डीपीएस तलावात येऊन उतरतात आणि ओहोटी लागली की खायला परत खाडीत जातात. 2024 मध्ये याच तलावात येणारे भरतीचे पाणी अडले आणि काही पक्षी दगावले, तेव्हा इथे राहणाऱ्या पुष्कळांनी आवाज उठवला. त्यासाठी घर मालकीचे असावे लागत नाही, म्हणून नव्या भाडेकरूंनाही मी अशा कामात यायला सांगते.

अकरा महिन्यांचा करार ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होईल असे पाहावे. मग फ्लेमिंगोंचा हंगाम, उन्हाळ्यातल्या ओहोटीचा वास आणि पावसाचे मुख्य महिने असे सगळे त्या मुदतीत अनुभवता येते, आणि नूतनीकरणाचे बोलणे ऑगस्टमध्ये, भिंतीची ओल समोर दिसत असतानाच करता येते.