तुम्ही विचारलंत म्हणून: एमएस, नारळ आणि मे महिना

"एमएस झालाय, आता नारळ सोडायचा का?" गोव्यात हा प्रश्न हमखास येतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: पथ्य नीट पाळलं तर औषध बंद करता येईल का? दुसऱ्याचं उत्तर लहान आहे म्हणून आधी. नाही. एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरचं मायलिनचं आवरण कुरतडते. ते कुरतडणं थांबवतं असं सिद्ध झालेलं एकही पथ्य नाही. औषध सोडल्यावर सुरुवातीला बरंच वाटतं, कारण त्याचे दुष्परिणाम थांबतात. एमआरआयवर नवे डाग मात्र त्याच काळात गुपचूप उमटू शकतात.

आता नारळ. ही भीती आली रॉय स्वँक या न्यूरॉलॉजिस्टच्या पथ्यातून. त्यांनी संपृक्त चरबी अगदी कमी करून 144 रुग्णांवर 34 वर्षं लक्ष ठेवलं आणि 1990 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष मांडले: पथ्य पाळणाऱ्यांची तब्येत कमी ढासळली. अडचण अशी की तुलनेला पथ्य न दिलेला वेगळा गटच नव्हता. ज्यांचा आजार मुळात सौम्य, त्यांनाच इतकी वर्षं पथ्य पाळणं जमलं असेल, ही शंका त्यामुळे कायम राहते. या पथ्यात संपृक्त चरबीची मर्यादा दिवसाला 15 ग्रॅम धरतात. 100 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात ती सुमारे 30 ग्रॅम असते. म्हणजे लहान वाटीभर खवलेल्या खोबऱ्यात दिवसाचा कोटा संपला! गोव्यात हे अक्षरशः पाळायचं तर हुमण (माशाची नारळातली कढी) बंद, भाजीवरचं खोबरं बंद आणि घरात रोज दोन स्वयंपाक.

आमच्या मते नारळ सोडू नका, मोजा. चौघांच्या कढीला एक नारळ जात असेल तर अर्धा घ्या. वाटणाला दाटपणा हवा तर भाजलेला कांदा आणि धणे वाढवा. हे एमएससाठी थेट नाही. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांची जोड मिळाली की एमएसमधलं अपंगत्व लवकर वाढतं, म्हणून. सिगारेटचा तोटा तर याहून पक्का आहे. ती ओढत राहून नारळाचे ग्रॅम मोजण्यात अर्थ नाही.

बांगडा आणि तारले आठवड्यातून दोन-तीनदा जरूर खा, पण रवा लावून तेलात बुडवून नको. तेफळं घालून कढीत किंवा चमचाभर तेलावर तव्यात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा रोज सुक्या मासळीवर भागवू नका, मीठ फार जातं. त्या दिवसांत माशाच्या तेलाच्या कॅप्सुलांची चौकशी वाढते. ओमेगा-3 च्या कॅप्सुलांची नॉर्वेत रीतसर चाचणी झाली, 2012 मध्ये निकाल आला: आजारावर परिणाम नाही. मासा जेवण म्हणून चांगला आहे, तेवढंच.

ड जीवनसत्त्व रक्तात कमी असेल तर भरून काढावं. पण 60,000 युनिटची आठवड्याची पुडी डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीनंतरही चालूच राहते, ही नेहमीची चूक. रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडाला मार बसतो. आणि गुळवेल नको. 'प्रतिकारशक्ती वाढवतो' हीच त्याची जाहिरात, आणि एमएसमध्ये तीच शक्ती वाट चुकलेली असते. शिवाय गुळवेलाने यकृताला इजा झाल्याची प्रकरणं भारतात नोंदली गेली आहेत. एमएसच्या काही औषधांवर असताना यकृत आधीच तपासणीखाली असतं.

खरं तर ताटापेक्षा हवेबद्दल जास्त विचारायला हवं. शरीराचं तापमान जेमतेम अर्धा अंश वाढलं तरी मायलिन झिजलेल्या नसेतून संदेश अडखळतो: नजर धूसर होते, पाय जड होतात. याला ऊटहोफची लक्षणं म्हणतात. एमआरआय येण्यापूर्वी निदानासाठी रुग्णाला कढत पाण्यात बसवून पाहत असत, यावरून कल्पना करा. म्हणून कढत पाण्याची आंघोळ सोडा, कोमट घ्या, आणि न्हाणीघरात स्टूल ठेवा.

पणजीत मे महिन्यात पारा नागपूरइतका चढत नाही, पण हवेत इतकी ओल असते की घाम वाळतच नाही. त्यामुळे नागपूरला चालणारे उपाय इथे फसतात. पाण्याचा कूलर खोलीतली ओल आणखी वाढवतो. पाण्यात भिजवून घालायचं थंडाव्याचं जॅकेटही इथे कुचकामी, कारण ते बाष्पीभवनावर चालतं. बर्फाचे पॅक खिशात घालायचं जॅकेट घ्या. व्यायामाआधी अर्धा तास गार पाण्यात पाय किंवा दोन ग्लास बर्फाचं पाणी, हा सर्वांत स्वस्त उपाय. पोहायला 27 ते 29 अंशांचं पाणी लागतं; उन्हात तापलेला उघडा तलाव त्याहून गरम असतो. किनाऱ्यावर चालायचं तर सकाळी सातच्या आत, ओल्या घट्ट वाळूवर. भुसभुशीत वाळूत पाऊल उचलत नाही आणि माणूस पडतो. आठवड्याला 150 मिनिटं हालचाल हे ध्येय, पण दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात.

दुसरी मोठी चूक पाण्याची. सारखी लघवीला लागते म्हणून लोक पाणीच तोडतात. मग लघवी घट्ट होऊन मूत्राशयाला टोचते, शौचाला खडा होतो आणि संसर्ग होतो. दिवसाला दीड ते दोन लिटर प्या, त्यातलं बहुतेक संध्याकाळी सहाच्या आत. दर दोन-तीन तासांनी, लागली नसली तरी लघवीला जा. चहा-कॉफी दोन कपांवर थांबवा. उकड्या तांदळाची पेज, तांबडी भाजी, अळसांदे (चवळी) हे शौचासाठी उत्तम, पण पाणी नसेल तर तोच चोथा आत अडकतो. न्याहारीनंतर वीस-तीस मिनिटांनी शौचाला बसायची सवय लावा, तेव्हा आतडं आपणहून हलतं.

हा लघवीचा संसर्ग एमएसमध्ये फसवा असतो. जळजळ होईलच असं नाही. एका सकाळी पाय लटके पडतात इतकंच, आणि घरचे 'एमएसचा अटॅक आला' म्हणून स्टेरॉइडसाठी धावतात. आधी ताप मोजा, लघवी तपासून घ्या. उन्हातून आल्यावर वाढलेलं लक्षण गारव्यात तासाभरात ओसरलं तर तो उकाडा. ताप नाही, संसर्ग नाही आणि नवीन लक्षण 24 तास टिकलं, तर त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टना फोन करा. एका डोळ्याची नजर झपाट्याने उतरली किंवा लघवी अडली, तर 24 तासही थांबू नका.