चेस्टनट स्ट्रीटवरची कबर

अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला येऊन चार वर्षं झाली. चेस्टनट स्ट्रीटवरच्या छोट्या दफनभूमीवरून रोज जाते, पण आत गेले ती परवा पहिल्यांदाच. गुलामीविरुद्ध लढलेला अमेरिकन खासदार थॅडियस स्टीव्हन्स, त्याची कबर तिथे आहे. दगडावरचा मजकूर त्याचाच: एकांताची आवड म्हणून मी इथे नाही, इतर दफनभूमींच्या नियमांत वर्णाची अट आहे, म्हणून ही जागा निवडली, आयुष्यभर जे मांडलं ते मरणातही दिसावं म्हणून. ओल्या गवतात चपला भिजल्या तरी पाय निघेना.

हा पेशाने वकील, जन्म १७९२चा, पाय जन्मतःच अधू. १८२१ साली गुलाम-मालकाचं वकीलपत्र घेऊन त्याने एका बाईला परत गुलामीत धाडलं. ते मला टोचतं. पुढे मात्र पळून आलेल्या गुलामांसाठी कोर्टात उभा राहिला. १८३५ साली मोफत शाळांचा कायदा गुंडाळायला निघाले होते, तो पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात त्याच्या भाषणाने वाचला. गुलामी संपवणारी तेरावी आणि देशात जन्मलेल्यांना नागरिकत्व देणारी चौदावी घटनादुरुस्ती रेटणाऱ्यांत तो पुढे होता. माझी लेक इथे जन्मली, तिचा निळा अमेरिकन पासपोर्ट त्या चौदाव्या दुरुस्तीमुळे.

आमच्या गावात दोन स्मशानं. शाळेच्या वाटेवर दोन्ही लागायची. एकावर पत्र्याची शेड, दुसऱ्याकडे जायला पावसाळ्यात रस्ताच नाही. दहा वर्षं त्या वाटेने गेले, घरी कधी विचारलं नाही की दोन का?

तरीही इथलं कुणी आपल्याला जातीवरून शिकवायला लागलं की मी गप्प बसत नाही. स्टीव्हन्स गेला त्याच १८६८ साली पुण्यात जोतीरावांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७३ची ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकन लोकांना. हे मी ऑफिसात तीनदा सांगितलंय.

भाऊ म्हणतो, बाहेर राहून बोलणं सोपं. असेल. पण माझ्या लेकीला वर्गात अजून कुणी आडनावावरून जोखलेलं नाही, आणि मला ते हवंय.

आईला व्हिडिओवर कबर दाखवली. ती म्हणाली, “रिकाम्या हाताने गेलीस होय गं?”

रविवारी पिवळी शेवंती घेऊन गेले. लेकीने दगडावरची ओळ न् ओळ मोठ्याने वाचली.