बांधणीची नोंद ३ : सॉकेट बदलायचं की नाही?

भाचीच्या ब्लेंडरसाठी (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) नवा पीसी बांधायचा म्हणून तीन रविवार वहीत बेरजा मांडल्या. शेवटी जुनं एएम४च, म्हणजे एएमडीचा प्रोसेसर बसतो ते बोर्डवरचं सॉकेट, पुढे चालवायचं ठरलं.

घरात होतं ते असं: बी४५० मदरबोर्ड, रायझन ५ २६०० प्रोसेसर, १६ जीबी डीडीआर४ रॅम, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, चांगला एसएमपीएस (वीजपुरवठा). पुढच्या एएम५ सॉकेटला फक्त डीडीआर५ रॅम चालते, म्हणजे बोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही नवीन. त्यात २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे भडकलेत की बेरीज तिथेच फिसकटली. इंटेलच्या एलजीए१७००चे काही बोर्ड डीडीआर४ घेतात, पण ते सॉकेट इंटेलच्या चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांवर संपलं. संपलेल्याच सॉकेटवर जायचं तर नवा बोर्ड कशाला?

मॅक मिनीही मनापासून तपासला. २०२४मध्ये एम४ चिप आणि १६ जीबी मेमरीसह तो ५९,९०० रुपयांना आला. ज्याच्याकडे काहीच सामान नाही त्याला मी आधी तोच पाहायला सांगेन. कोरे सुटे भाग आणून तेवढ्यात तसं यंत्र बांधणं अवघड आहे. पण त्याची मेमरी पुढे वाढवता येत नाही, आणि आमचं ३०६० पडून राहिलं असतं.

म्हणून फक्त रायझन ५ ५६०० घेतला. २६००सारखे सहाच कोर, पण पिढी नवी, झेन ३ची. बी४५०वर पीसीआयई (कार्ड बोर्डाला जोडणारा मार्ग) जुन्या ३.० वेगाचंच मिळतं, १६ लेनच्या, म्हणजे डेटाच्या १६ वाटा असलेल्या ३०६०ला त्याने फारसं अडत नाही. चार लेनचं कार्ड असतं तर मात्र मी बोर्डाचा पुन्हा विचार केला असता.

क्रम महत्त्वाचा: जुना २६०० जागेवर असतानाच बायोस (बोर्ड सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट करा, तेही यूपीएसवर. काही बी४५० बोर्डांत नव्या बायोसमध्ये जुन्या प्रोसेसरांचा आधार काढलेला असतो, तेव्हा बोर्ड कंपनीची प्रोसेसरांची यादी आधी वाचा. कूलर काढण्यापूर्वी पीसी दहा मिनिटं चालवून प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट कोमट होऊ द्या, मग बंद करून, वायर काढून कूलर हलकेच पिळत उचला. थेट ओढलात तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटबाहेर येतो आणि पिना वाकतात.

पहिल्याच झटक्यात डिस्प्ले आला! २६००वर ही रॅम ३२००च्या वेगाला टिकत नव्हती, आता एक्सएमपी (रॅमचा ठरवून दिलेला वेग लावणारी बायोसमधली सेटिंग) लावून स्थिर आहे. भाचीची सगळ्यात जड फाइल रात्रभर रेंडरला लावली आहे; तापमानाचे आकडे पुढच्या नोंदीत देतो.