रानरेड्यासाठी बाण आणि कस्टम्समध्ये अडकलेलं पार्सल

परदेशातून बाणाचे शाफ्ट, म्हणजे बाणाच्या नुसत्या नळ्या, मागवत असाल तर पैसे भरायच्या आधी विक्रेत्याला मेल टाका आणि इन्व्हॉइसवर मालाचं वर्णन पूर्ण लिहून घ्या: आर्चरीचे कार्बन शाफ्ट, टोक न बसवलेले, खेळाचं साहित्य. माझ्या पार्सलवर विक्रेत्याने नुसतं ‘हंटिंग ॲरोज’ लिहिलं होतं. त्या दोन शब्दांनी माझा अख्खा पावसाळा खाल्ला. अजून आठवलं की डोकं तापतं.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. मी बोलतोय ते दक्षिण आफ्रिकेतल्या लिम्पोपो प्रांतातल्या एका खासगी रानाबद्दल. तिथे रीतसर परवाना काढून, रायफल घेतलेला व्यावसायिक शिकारी शेजारी उभा असताना, धनुष्याने केप बफेलोची, म्हणजे तिकडच्या रानरेड्याची, शिकार करता येते. जोहान्सबर्गला स्थायिक झालेल्या मामेभावाने तिकडचं सगळं ठरवलं. बाणांची जबाबदारी तेवढी माझ्याकडे होती.

केप बफेलोचा नर सहाशे ते आठशे किलोचा असतो. कातडं जाड, फासळ्या रुंद आणि एकमेकींना खेटलेल्या. फटीतून बाण घालू हा विचार सोडूनच द्यायचा, हाड फोडून आत जाईल असाच बाण हवा. अर्धवट जखमी झालेला रेडा उलटून अंगावर येऊ शकतो, त्यामुळे इथे ‘चालून जाईल’ असं काही नसतं. आपण ५० मीटरच्या टार्गेटवर मारतो ते साडेतीनशे ग्रेनचे, म्हणजे जेमतेम २३ ग्रॅमचे बाण या कामाचे नाहीत.

बाण किती आत जातो याचा अभ्यास करणारे धनुर्धारी शिकारी एड ॲशबी यांनी १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत खऱ्या जनावरांवर बाण मारून, ते किती आत गेले हे मोजलं. त्यांच्या क्रमवारीत पहिला नंबर बाण न मोडण्याचा, दुसरा तो सरळ उडण्याचा. वेग बराच खाली. जाड हाड फोडायला बाण किमान ६५० ग्रेनचा हवा, हा आकडाही त्यांचाच. मला हे पटलं ते माझ्याच ८० पाउंडी कंपाउंड धनुष्याचे आकडे मांडल्यावर. ४२० ग्रेनचा बाण सेकंदाला २९५ फूट जातो, ७८० ग्रेनचा २२५. ऊर्जा ८१ वरून ८८ फूट-पाउंड, म्हणजे फरक किरकोळ. पण संवेग ०.५५ वरून ०.७८, चाळीस टक्क्यांहून जास्त. हाडात शिरताना हाच उपयोगी पडतो. ज्यांना वेगाचं वेड आहे त्यांनी हरणासाठी ठेवावं, रेड्यासाठी नको.

हे वाढीव वजन पुढे, टोकाकडे घ्यायचं तर शाफ्ट कडक लागतो. ३०० ग्रेनचं टोक आणि १०० ग्रेनचा पितळी इन्सर्ट (टोक अडकवायला नळीत बसवतात तो तुकडा) लावला की बाण सुटताना जास्त वाकतो. म्हणून मी २०० स्पाइन ठरवला (स्पाइन म्हणजे कडकपणाचं माप; आकडा जितका लहान तितका शाफ्ट कडक). पुण्यात मी विचारलं त्या दुकानांत ४०० च्या खाली काही नव्हतं. सगळा माल टार्गेटवाल्यांचा. मग बाहेरून मागवणं आलं.

पार्सल मुंबईत उतरलं आणि ट्रॅकिंगवर ‘माहिती मागवली आहे’ एवढीच ओळ दिसायला लागली. आधार आणि पॅन पाठवलं. मग कुरिअरच्या ऑफिसातून फोन: “हे शस्त्र आहे, शस्त्रपरवाना पाठवा.” मी म्हटलं, अहो, या नुसत्या कार्बनच्या नळ्या आहेत, टोकसुद्धा नाही. “ते तुम्ही लेखी द्या.” लेखी दिलं. मग कंपनीचं माहितीपत्रक हवं. ते दिल्यावर क्लबचं पत्र हवं. क्लबने लेटरहेडवर पत्र दिलं तर उत्तर आलं की फाइल साहेबांकडे आहे. दर वेळी फोनवर नवा माणूस, आणि दर वेळी गोष्ट पहिल्यापासून सांगायची. वर गोदामाचं भाडं रोज चढतंय ते वेगळंच.

शेवटी डेक्कन क्वीन पकडून स्वतः गेलो. खिडकीपलीकडे रॅकवर ती लांब पुठ्ठ्याची नळी मला दिसत होती, एका टोकाला चिकटपट्टी फाडून परत लावलेली. म्हणजे कोणीतरी उघडून पाहिलं होतं. आत धार नाही, पातं नाही, हे डोळ्यांनी दिसल्यावरही परवाना मागत होते! खिडकीवरच्या ताई सौजन्याने बोलल्या, पण त्यांच्या हातात काही नव्हतं. साहेब मीटिंगमध्ये. त्या दिवशी रिकाम्या हाताने परत आलो.

वाट मोकळी केली ती चाकणला एक्स्पोर्टचं काम बघणाऱ्या मित्राने. तो म्हणाला, “ते शस्त्र म्हणतायत ना? मग शस्त्रांचंच प्रकरण उघडून दाखव त्यांना.” कस्टम्स टॅरिफमध्ये शस्त्रं आणि दारूगोळा प्रकरण ९३ मध्ये येतात. त्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच टीप आहे: या प्रकरणात काय धरायचं नाही. त्या यादीत धनुष्य, बाण, तलवारबाजीच्या खेळातल्या तलवारी आणि खेळणी स्पष्ट लिहिलेली आहेत, आणि समोर कंसात प्रकरण ९५. म्हणजे खेळाचं साहित्य. इतकं सरळ! तेवढं पान छापलं, ती ओळ पिवळ्या पेनाने रंगवली, एका पानाचं पत्र जोडलं आणि पुन्हा गेलो. या वेळी थेट अधिकाऱ्यांसमोर उभा राहिलो. त्यांनी ओळ वाचली, पार्सलचा फोटो बघितला आणि विचारलं, “हे आधी का नाही दिलं?” मी काही बोललो नाही. ड्युटी भरली, भाडं भरलं, पार्सल सुटलं. ज्यांचं रोजचं काम ते, त्यांनी ही टीप मला सांगायला हवी होती, असं मला आजही वाटतं. तुम्ही ते पान पहिल्याच मेलला जोडा.

वाट बघण्याच्या काळात भोसरीतल्या एका लेथवाल्याकडून इन्सर्ट करून घेतले. बाजारातले ॲल्युमिनियमचे हलके असतात आणि हाडावर वाकतात. “साहेब, रनआउट वीस मायक्रॉनच्या आत देतो,” म्हणाला आणि दिलाही (रनआउट म्हणजे फिरवल्यावर दिसणारा वाकडेपणा). प्रत्येक इन्सर्ट सोनाराच्या काट्यावर तोलून घेतला. १ ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन, हा हिशोब पाठ करून ठेवा.

स्पाइन घरी मोजता येतो. २८ इंचांवर दोन टेकू, मधोमध ८८० ग्रॅम वजन, खाली डायल गेज, म्हणजे किती लवलं ते काट्याने दाखवणारं मापक. २०० स्पाइनचा शाफ्ट ०.२०० इंच, म्हणजे साधारण पाच मिलिमीटर लवतो. शाफ्ट बोटाने हळूहळू फिरवला की काटा थोडा मागेपुढे होतो. सगळ्यात कमी लवणारी बाजू मार्करने खूण करून ठेवायची आणि सगळ्या बाणांचे नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच) त्याच खुणेला जुळवायचे. यानंतर मुळशीला मित्राच्या शेतावर पिसं न लावलेले बाण मारून बघितले. पिसं असलेले आणि नसलेले एकाच जागी लागेपर्यंत रेस्ट (धनुष्यावरचा बाणाचा टेकू) सरकवत राहायचं. ॲशबींचा दुसरा नंबर तो हाच. तयार बाणाचा तोल मध्यापासून लांबीच्या २४ टक्के पुढे आला.

सप्टेंबरात रेडा वीस मीटरच्या आतून, आडवा उभा असताना मिळाला. बाण फासळी फोडून पलीकडच्या खांद्यापर्यंत गेला आणि शाफ्ट अखंड निघाला.

ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं पातीवालं टोक, पुण्यात मागवूच नका. त्याला खरोखर धार असते, तिथे तुमची प्रकरण ९३ ची टीप दाखवायला तोंड राहणार नाही. मी ते थेट रानावर मागवले आणि इथे सराव तेवढ्याच वजनाच्या साध्या टोकांनी केला. तिथे पोचल्यावर ब्रॉडहेड लावून बाण पुन्हा मारून बघायला एक पूर्ण दिवस हातात ठेवा. दोन पात्यांचे, एका बाजूने धार लावलेले घ्या. उघडमीट होणारे अजिबात नको. धार उजवी असेल तर पिसांचा पीळही उजवाच ठेवा, नाहीतर दोघं एकमेकांविरुद्ध फिरवतात. आणि शाफ्ट डझनाऐवजी दीड डझन मागवा. ट्यूनिंगमध्ये एकदोन चिरतातच, आणि प्रत्येक बाण मारायच्या आधी कानाजवळ धरून, वाकवून, करकर येते का ते ऐकायचं असतं.