तुम्ही विचारलंत म्हणून : डॉक्टरचा स्कार्फ किती लांब विणायचा?

हवा असेल त्यापेक्षा हातभर कमी. बारा फुटी हवा असेल तर साडेदहा फुटांवर टाके बंद करा.

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेत डॉक्टरच्या भूमिकेत टॉम बेकरने १९७४ ते १९८१ या काळात गळ्यात घातलेल्या त्या पट्ट्यापट्ट्यांच्या स्कार्फची लांबी मुळात कुणी ठरवलीच नव्हती. वेशभूषाकार जेम्स अ‍ॅचिसनने बेगोनिया पोप या बाईंना रंगीबेरंगी लोकर नेऊन दिली आणि त्यांनी ती सगळीच्या सगळी विणून टाकली. पुढे वापरात तो आणखी ताणला गेला. दोष विणणाऱ्या हाताचा नाही, विणीचा आहे. सगळ्या ओळी सुलट विणल्या की ओळी एकमेकींत दबून बसतात. लोकरीचं वजन लोंबायला लागलं की त्या उघडतात. लांबी वाढते, रुंदी आटते.

मध्यम जाडीची लोकर, ४ मिमी सुया, ६० टाके. १० सेंमीत २२ टाके आणि ४४ ओळी बसल्या तर रुंदी २७ सेंमी येते. साडेदहा फुटांना सुमारे १,४०० ओळी, म्हणजे ८४ हजार टाके. झालरीसकट ६०० ग्रॅमच्या आसपास लोकर लागते. पण सात रंगांत ती सारखी वाटू नका. नमुन्यात एकेका रंगाच्या किती ओळी आहेत त्यांची बेरीज करा आणि १०० ग्रॅमला २३० ओळी धरा. सगळ्या रंगांची जाडी एकच हवी, नाहीतर कडा नागमोडी होते. विटकरी आणि जांभळ्या लोकरीचा तुकडा आधी ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून बघा. रंग सुटला तर पहिल्या धुण्यातच शेजारचा फिकट पट्टा बाद.

खरी गोम रंग बदलण्यात आहे. प्रत्येक पट्ट्याच्या ओळी सम ठेवा आणि नवा रंग नेहमी एकाच बाजूने सुरू करा. त्या बाजूला जोड सरळ रेघेसारखा दिसतो, मागे दोन्ही रंगांचे ठिपके पडतात. मध्येच एखाद्या पट्ट्याची ओळ चुकली की तिथून पुढे ठिपके दर्शनी बाजूला! कडेचा पहिला टाका न विणता सरकवायची सवय असेल तर रंग बदलायच्या ओळीत तो विणाच, नाहीतर जुना रंग वर ओढला जातो. जुना धागा कडेने वर नेऊ नका. पट्टे रुंद आहेत, कड आखडते. १५ सेंमी शेपूट ठेवून कापा आणि त्याच रंगाच्या पट्ट्यात, आडव्या ओळीतून ओवून टाका. हे काम रोजच्या रोज उरका. शंभरेक शेपट्या शेवटी घेऊन बसणं म्हणजे शिक्षा.

टाके घालताना आणि बंद करताना साडेचार मिमीची सुई घ्या, म्हणजे टोकं आवळत नाहीत. झालरीच्या प्रत्येक गोंड्यात सातही रंगांचा एकेक धागा, ३० सेंमी कापून दुमडलेला.

लांबी मोजताना स्कार्फ टेबलावर सपाट पसरा, हातात धरून कधीच मोजू नका. धुतल्यावर आडवा वाळवा आणि घडी करून ठेवा. खुंटीला टांगलात तर बारा फुटांवर थांबेल याची हमी नाही.