मानशीचं दार आणि फळ्यावरची ओळ

तत्त्वज्ञानावर आपल्याकडे व्याख्यानं होतात. समई, शाल-श्रीफळ, शेवटी दोन प्रश्न आणि आभार. होऊ देत. पण गावच्या कारभारात तत्त्वज्ञान कामाला लावायचं तर बैठक वेगळी लागते. तिची एक रीत जर्मन तत्त्वज्ञ लेओनार्ड नेल्सन यांनी १९२२ साली ग्योटिंगनच्या भाषणात मांडली होती.

देवळाची अग्रशाळा किंवा वाचनालयाची खोली, दहा-बारा माणसं, दोन तास, एक फळा. माइक नको. माइक हाती आला की माणूस उभा राहतो आणि उभा राहिला की भाषण ठोकतो.

खरी मेख प्रश्नात आहे. 'न्याय म्हणजे काय?' विचारलंत तर नुसत्या व्याख्या येतील. 'पावणीचे, म्हणजे लिलावाचे, पैसे किती आले?' याचं उत्तर वहीत असतं. मधला प्रश्न हवा. गोव्यातल्या गावात तो असा: मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांवर, मासे धरायचा हक्क सर्वांत चढी बोली लावणाऱ्याला द्यावा का?

मानशीची दारं भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात, म्हणून खाजनात, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतात, खारं पाणी शिरत नाही. पावणी घेणाऱ्याला मात्र मासळी हवी, म्हणजे भरतीचं पाणी आत यायला हवं. ते बेसुमार आलं की शेत खारावतं, बांध झिजतो. एकीकडे रोख मोजणारा. दुसरीकडे गोव्याच्या कूळ कायद्याच्या १९७६ च्या दुरुस्तीने मालक ठरलेलं कूळ. शिवाय पूर्वी बांध राखणारी गावकारी, म्हणजे मूळ गावकऱ्यांची सामायिक संस्था, आणि गरी टाकून बसणारा शेजारी. अमर्त्य सेन यांच्या २००९ मधल्या उदाहरणात एका बासरीवर तीन मुलं हक्क सांगतात: जिला वाजवता येते ती, ज्याच्याकडे एकही खेळणं नाही तो, आणि जिने ती बनवली ती. तिघांचीही कारणं वजनदार. आपल्याकडे तर चौघे आहेत.

पहिला अर्धा तास एकाच माणसाचा घडलेला प्रसंग ऐका. मग त्याला विचारा, यात तुम्हाला काय खटकलं आणि का? उत्तर त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहा. तो 'बरोबर न्हय' म्हणाला आणि तुम्ही 'अन्याय्य' लिहिलंत, तर बैठक तिथेच घसरली. ते विधान तुमचं झालं, त्याचं नव्हे, आणि पुढे त्याला ते राखावंसं वाटत नाही.

समजा फळ्यावर ओळ आली: 'जो राखतो त्याचा हक्क.' ती दुसऱ्या ठिकाणी लावून पाहा. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटात (बागायतीत) पिढ्यान्‌पिढ्या राहून ते राखणाऱ्या मुंडकारालाही हीच ओळ लागू का? खोलीत चुळबुळ सुरू होते. कुणी ओळ मागे घेतो, कुणी 'राखतो'च्या आधी 'स्वतःच्या खर्चाने' घालतो. इथे घाई करू नका, तासभर गेला तरी चालेल.

चालवणाऱ्याने स्वतःचं मत सांगितलं की सगळे त्याच्याकडे बघून बोलू लागतात. न्यायावर लिहिणाऱ्या तत्त्वज्ञ रॉल्सचं नाव घेतलं तर गप्पच होतात. मतदान नको, ठरावाला ग्रामसभा आहे. फळा पुसण्याआधी खोडलेल्या ओळींसकट फोटो काढून ठेवा. पुढच्या पावणीच्या अटी लिहिताना त्या खोडलेल्याच जास्त उपयोगी पडतात.